मामाने आणलेली निउएची नाणी

सांगलीहून एका आजींचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून इथे देते.

"माझा मुलगा ऑकलंडला असतो. माझ्या मुलीची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. ती जन्मल्यापासून तिचा मामा दर वाढदिवसाला तिच्यासाठी चांदीचं एक नाणं घेतो आणि भारतात येईल तेव्हा सोबत घेऊन येतो. अशी नऊ नाणी माझ्या कपाटात आहेत. सहांवर मिकी माउस आणि त्याची मंडळी, तिघांवर कासव. मागच्या बाजूला इंग्लंडची राणी आणि 'निउए' असं नाव. परवा घरात पैशांची जुळवाजुळव चालली होती, म्हणून ओळखीच्या सराफाकडे दोन-तीन नाणी नेऊन दाखवली. त्याने नुसती चांदी तोलली, घट कापली आणि आकडा सांगितला. पहिल्या नाण्याला मुलाने त्या वेळी सव्वाशे डॉलर, म्हणजे सहा हजारांच्या आतबाहेर मोजले होते. सराफाचा आजचा आकडाही जवळजवळ तेवढाच. नऊ वर्षांत चांदी कुठल्या कुठे गेली आणि आमचं नाणं तिथेच? वर तो म्हणाला, 'काकू, ह्या नावाचा देश तरी आहे का? हे खेळणं आहे.' माझा मुलगा फसला का? नाणी मोडून टाकू का? दुसरं असं, आमच्या ओळखीचे एक गृहस्थ अशीच परदेशी नाणी विकतात. मर्यादित संख्या, पाच वर्षांत तिप्पट, असं म्हणतात. एफडी मोडून दोन लाख घालावेत असा त्यांचा आग्रह आहे. आणि एक कबुली देते. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्यातलं एक नाणं काढलं, काळपट दिसलं म्हणून रांगोळीने घासलं. मुलाला ह्यातलं काहीच सांगितलेलं नाही."

ताई,

सर्वात आधी एक विचारते. सराफाने नाणं डबीतून बाहेर काढलं का? कसोटीवर घासलं का, कडेला कानस लावली का? नसेल लावली तर फार बरं झालं. पुढच्या वेळी कुणाकडेही न्याल तेव्हा नाणं डबीतच राहू द्या आणि टंच काढायची वेळ आलीच तर मशीनवर काढा, हे आधी बजावून सांगा. मोठ्या पेढ्यांवर आणि हॉलमार्किंग केंद्रांत एक्स-रे मशीन असतं, त्याला ओरखडाही काढावा लागत नाही.

आता सराफाच्या प्रश्नाचं उत्तर. निउए नावाचा देश आहे. न्यूझीलंडच्या ईशान्येला, प्रशांत महासागरात, पोवळ्याच्या खडकाचं ते एकच एक बेट. क्षेत्रफळ २६० चौरस किलोमीटरच्या आसपास, वस्ती दोन हजारांहूनही कमी. सांगलीतल्या एखाद्या मोठ्या शाळेच्या पटावर तेवढी मुलं असतील. राजधानी आलोफी. १९७४ पासून निउए आपला कारभार आपण बघतं, पण न्यूझीलंडशी करार करून. तिथली माणसं न्यूझीलंडची नागरिक असतात आणि बेटावर उरली आहेत त्याच्या कित्येक पटींनी ती न्यूझीलंडमध्ये राहतात. तुमच्या मुलाच्या बसमध्ये, ऑफिसात निउएचं कुणी ना कुणी असेलच. २०२० साली तो अख्खा देश 'काळोखं आकाश' जपणारं ठिकाण म्हणून मान्य झाला, आणि असा मान मिळालेला तो जगातला पहिलाच देश. तुमच्या नातीला हे जरूर सांगा. तिच्या नाण्यावर ज्या देशाचं नाव आहे, तिथे रात्री आकाशभर तारे दिसतात.

रोजच्या व्यवहारात मात्र तिथे न्यूझीलंडचाच डॉलर चालतो. मग मिकी माउसच्या नाण्यावर निउएचं नाव आलं कुठून?

ऑकलंडमध्ये 'न्यूझीलंड मिंट' नावाची टांकसाळ आहे. नाव ऐकून सरकारी वाटते, पण ती खाजगी कंपनी आहे. न्यूझीलंड सरकारची स्वतःची संग्राह्य नाणी तिथलं पोस्ट खातं विकतं. आता खाजगी टांकसाळीने चांदीच्या चकतीवर मिकी माउस उठवला, तर तो झाला चांदीचा बिल्ला. त्याचं नाणं व्हायचं तर कुठल्या तरी सरकारची परवानगी लागते, देशाचं नाव लागतं आणि दर्शनी मूल्य लागतं. निउए ते देतं. बदल्यात प्रत्येक नाण्यामागे सरकारला काही रक्कम मिळते, आणि इवल्याशा बेटाला ती मोलाची असते. ब्रिटनच्या गादीवर जो राजा किंवा जी राणी असेल, तेच निउएचेही राष्ट्रप्रमुख, म्हणून मागे २०२२ पर्यंत गादीवर असलेली राणी एलिझाबेथ. मिकीचं चित्र ज्यांचं, त्या डिस्नी कंपनीला वेगळी रॉयल्टी जाते. त्यामुळे तुमच्या मुलाने मोजलेल्या सव्वाशे डॉलरमध्ये चांदी, टांकसाळीची मजुरी, डिस्नीचा वाटा, निउएचा वाटा, डबी, प्रमाणपत्र आणि विकणाऱ्याचा नफा असं सगळं होतं.

हे आजकालचं नाही. १९८७ साली निउएच्या नावाने बोरिस बेकर आणि स्टेफी ग्राफ ह्या टेनिसपटूंची नाणी निघाली होती. दोघंही जर्मन, निउएशी त्यांचा काय संबंध? पण खरेदी करणारे जर्मनीत होते. तुवालू हा नऊ बेटांचा देश आहे, त्याच्या नावाची नाणी ऑस्ट्रेलियातली पर्थची टांकसाळ पाडते. त्याच प्रशांत महासागरातल्या कुक बेटांच्या नावाने निघालेल्या काही नाण्यांत उल्केचा खराखुरा तुकडा बसवलेला आहे. पलाऊ ह्या तिथल्याच बेटांच्या देशाच्या नावाने तर असं नाणं निघालं, की त्यात फ्रान्समधल्या लूर्द ह्या ख्रिस्ती तीर्थाचं पवित्र पाणी बारीकशा कुपीत भरलेलं होतं. चेक प्रजासत्ताकातली खाजगी टांकसाळ २०१७ पासून आपल्या राष्ट्रचिन्हातला दोन शेपट्यांचा सिंह चांदीवर उठवते, आणि त्यावर नाव असतं निउएचं. प्रागच्या माणसाला आपला सिंह हवा असतो, आणि तो त्याला प्रशांत महासागरातल्या बेटाच्या नावाखाली मिळतो.

तुमच्याकडच्या कासवाची गोष्ट मला ह्या सगळ्यांत बोलकी वाटते. ते हॉक्सबिल जातीचं कासव आहे. फिजीच्या भाषेत त्याला 'ताकू' म्हणतात, आणि नाण्यालाही तेच नाव पडलं. २०१० ते २०१३ अशी चार वर्षं ते फिजीच्या नावाने निघालं. २०१४ पासून ते निउएच्या नावाने निघू लागलं. टांकसाळ तीच, कासव तेच, वल्ह्यासारखे पाय पसरून पोहण्याची ढबही तीच. फक्त पाठीमागचा देश बदलला.

म्हणून सराफाला मी पुरतं चूक म्हणणार नाही. हे कायदेशीर नाणं आहे, पण बाजारात चालण्यासाठी पाडलेलं नाही. 'दोन डॉलर' हे त्यावरचं मूल्य निउएपुरतं, आणि तेही कागदावरचं. दोन न्यूझीलंड डॉलर म्हणजे आपले शंभर-सव्वाशे रुपये. एवढ्यासाठी औंसभर शुद्ध चांदी कोण गल्ल्यात टाकेल? कुक बेटांवर दुकानात खरोखर चालणारं दोन डॉलरचं एक नाणं आहे, त्रिकोणी, कोपरे गोलसर. मला स्वतःला चांदीच्या डबीबंद नाण्यांपेक्षा ते त्रिकोणी नाणं जास्त भुरळ घालतं, कारण त्याच्यावर माणसांचे हात फिरलेले असतात. पण हा माझ्या आवडीचा भाग झाला.

'खेळणं' ह्या शब्दाला मात्र माझी हरकत आहे. ९९९ टंचाची, एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम चांदी तुमच्या हातात आहे आणि ती कुठेही चांदीच राहणार. एवढं मात्र प्रत्येक नाण्याच्या बाबतीत तपासून घ्या. निउएच्या नावाने चांदीचा नुसता मुलामा दिलेली नाणीही निघाली आहेत. २०११ साली स्टार वॉर्सची नाणी आली, त्यांत दोन डॉलरची अस्सल चांदीची होती आणि एक डॉलरची मुलाम्याची. दिसायला दोन्ही चकचकीत. प्रमाणपत्रावर शुद्धता आणि वजन लिहिलेलं असतं, ते भिंग लावून वाचा. 'सिल्व्हर प्लेटेड' असे शब्द दिसले तर ते नाणं वेगळं ठेवा.

आता पैशांचा हिशेब. पहिलं नाणं घेतलं त्या सुमारास, २०१६ साली, चांदी किलोला चाळीस हजारांच्या आसपास होती. म्हणजे पहिल्या नाण्यात चांदी होती साधारण साडेबाराशे रुपयांची, आणि मुलाने मोजले सहा हजारांच्या आतबाहेर. वरचे पावणेपाच हजार ही घडणावळ. आपण पाटल्या मोडायला नेतो तेव्हा सराफ घडणावळ परत देतो का? इथेही तेच झालं. मधल्या काळात चांदी चढत चढत तिथवर आली, की नुसत्या धातूनेच मुलाने मोजलेली सगळी रक्कम जवळपास भरून काढली. तुमचं नाणं 'तिथेच' राहिलं असं जे वाटतं, त्याचं कारण एवढंच. त्याच पैशात त्या दिवशी सराफाकडून साधी चांदी घेतली असती तर ती जवळजवळ पावणेपाचपट मिळाली असती.

तिन्ही कासवांचं गणित वेगळं आहे. ती चांदीच्या भावाच्या थोडंच वर विकली जातात. त्यांना बहुधा प्रमाणपत्र नसेल, लाकडी डबी नसेल, चकाकीही आरशासारखी नसेल. त्यांवरची घडणावळ कमी, म्हणून त्यांचा हिशेब तुमच्या मुलाच्या बाजूने बराच झुकलेला निघेल. मिकीची सहा आहेत ती प्रूफ, म्हणजे चित्राभोवतीची सपाट जागा आरशासारखी आणि चित्र दुधी. घडणावळ तिथे जाते.

तर मुलगा फसला का? मला नाही वाटत. त्याने भाचीसाठी भेट घेतली आणि भेटीचा दाम मोजला. परदेशात राहणारा मामा वाढदिवसाला येऊ शकत नाही, म्हणून दरवर्षी एक वस्तू निवडतो, ती जपून ठेवतो आणि हजारो मैल हातातल्या बॅगेतून आणतो. नऊ वर्षांत एकदाही चुकला नाही. ह्याला फसणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो हे गुंतवणूक म्हणून करत असेल, तर मात्र त्याला हिशेब कळायला हवा, आणि तो तुम्हीच सांगायला हवा. सराफाचा आकडा, माझा हिशेब, दोन्ही त्याला फोनवर सांगा. आईने परस्पर नाणी विकायला नेली हे त्याला दुसऱ्याकडून कळलं तर जास्त लागेल.

मोडण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नाणी तुमची नाहीत, ताई. नातीची आहेत. कपाट तुमचं आहे एवढंच. घरात खरोखरची अडचण असेल तर लेकीशी आणि जावयाशी बोला, नातीलाही विचारा. नऊ वर्षांच्या मुलीला 'ही तुझी वस्तू आहे, आपल्याला गरज आहे' हे समजतं. अडचण तेवढी मोठी नसेल तर सराफाकडे मिकीची नाणी मुळीच मोडू नका. सराफ ती मुशीत टाकणार, म्हणून तो चांदीचेच पैसे देणार. त्याच्या धंद्याच्या हिशेबाने तो बरोबरच आहे. चित्राचे पैसे देणारा माणूस संग्राहक असतो, आणि ह्या नाण्यांचे संग्राहक न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, जर्मनी अशा ठिकाणी जास्त आहेत. आपल्याकडे नाणी जमवणारे पुष्कळ, पण त्यांचा जीव शिवराईत, मोगली रुपयात, संस्थानी नाण्यांत, ब्रिटिश अमदानीच्या रुपयात. मिकी माउसला इथे गिऱ्हाईक शोधावं लागेल. कधी काळी विकायचीच झाली तर मुलाने तिकडच्या दोन-तीन व्यापाऱ्यांकडे चौकशी करावी. डबी आणि प्रमाणपत्र सोबत असेल तरच भाव, हे लक्षात असू द्या. एखादं प्रमाणपत्र पोथीत, एखादं विजेच्या बिलांत असं नको.

मुलाला आणखी एक सांगा. भारतात येताना प्रवाशाला काही रकमेपर्यंत सामान बिनकराचं आणता येतं, पण दागिना सोडून इतर कोणत्याही रूपातली सोनं-चांदी त्यात बसत नाही. नाणं खिशात मावतं म्हणून विमानतळावर कस्टम्सच्या हिरव्या मार्गाने, म्हणजे 'जाहीर करण्यासारखं काही नाही' म्हणणाऱ्यांच्या वाटेने, निघून जायचं नाही. जाहीर करायचं, जे शुल्क असेल ते भरायचं आणि पावती नाण्याच्या डबीत ठेवायची. दर बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी त्याने चौकशी करावी.

आता ते दोन लाख.

नको. एफडी मोडू नका.

ह्याबद्दल मी जरा पोटतिडकीने लिहिते आहे, त्याला कारण माझ्या वडिलांचा तिकिटांचा अल्बम आहे. लहानपणी आम्हाला पोस्टाबाहेर बसणारा एक माणूस पाकीटभर परदेशी तिकिटं विकायचा. वाघ, फुलपाखरं, चंद्रावर उतरलेली माणसं, सगळं सोनेरी आणि हे एवढं मोठं. खाली नावं असायची अजमान, फुजैरा, मनामा. वडील ती फार जपत. पत्र्याच्या चिमट्याने उचलत, आम्हाला बोट लावू देत नसत. 'ही वाळवंटातल्या राज्यांची, पुढे मिळणार नाहीत,' म्हणत. खरोखरच पुढे मिळाली नाहीत. १९७१ च्या डिसेंबरात संयुक्त अरब अमिरात झाली आणि पुढे थोड्याच काळात त्या नावांची तिकिटं थांबली. पण तोवर इतकी छापली गेली होती आणि त्यांतली इतकी थोडी खऱ्या पत्रांवर लागली होती, की आजही ती कवडीमोलाने मिळतात. कित्येकांवरचे पोस्टाचे शिक्केसुद्धा छापखान्यातच मारलेले होते. त्या राज्यांनी परदेशी व्यापाऱ्यांशी करार करून आपलं नाव वापरायला दिलं होतं. वडील गेल्यावर मी अल्बम एका जाणकाराला दाखवला. त्याने गांधीजींची आणि संस्थानांची दोन पानं काळजीपूर्वक पाहिली, आणि अजमानची सोळा पानं न थांबता उलटली. त्या पानांचा सळसळाट अजून माझ्या कानात आहे.

हेही सांगायला हवं, की नेहमीच असं होतं असं नाही. भूतानने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रामोफोनच्या तबकडीसारखी, खरोखर वाजणारी तिकिटं काढली. त्या काळी जाणकारांनी नाकं मुरडली. आज ती तिकिटं हौशी लोक शोधत फिरतात आणि चांगले पैसे मोजतात. तसं तुमच्या मिकीचंही होऊ शकेल. पण भूतानच्या तिकिटांत काय होईल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, आणि आज कुणी छातीठोकपणे 'पाच वर्षांत तिप्पट' म्हणत असेल तर त्यालाही माहीत नाही.

'मर्यादित संख्या' ह्या शब्दाने भुलू नका. तुमच्या नातीच्या नाण्याच्या प्रमाणपत्रावर बघा, एकूण किती पाडली ते लिहिलेलं असेल. समजा दहा हजार. दहा हजार थोडी वाटतात, पण ती एका चित्राची. मिकीनंतर डोनाल्ड, मग राजकन्या, मग ख्रिसमसचा मिकी, मग चिनी पंचांगातल्या उंदराच्या वर्षाचा मिकी. एकट्या निउएच्या नावाने वर्षाकाठी निघणारी चित्रं मोजायला बसलं तर दमायला होतं. प्रत्येक चित्र मर्यादित, आणि चित्रांना मर्यादा नाही. भाव संख्येवर ठरत नाही, मागणाऱ्यांच्या संख्येवर ठरतो. दहा हजार नाण्यांना नऊ हजार मागणारे असतील तर ती हजार जास्तच झाली.

त्या गृहस्थांना दोन प्रश्न विचारा. तीन वर्षांपूर्वी तुम्ही विकलेलं एखादं नाणं आज तुम्ही स्वतः काय भावाने परत घ्याल? आणि तो भाव सही करून लिहून द्याल का? उत्तर देताना ते दुसरंच बोलू लागले तर तुमचा निर्णय झाला. ते तुम्हाला आलेख दाखवतील, त्यात रेघ वर चढलेली असेल. ती रेघ चांदीच्या भावाची आहे की त्या नाण्याच्या घडणावळीची, हे नीट पाहा. चांदी चढली म्हणून वाढलेल्या किमतीचं श्रेय चित्राला देता येत नाही. आणि चांदीच हवी असेल तर तिच्यासाठी एवढी घडणावळ मोजायची गरज नाही. सराफाकडे ९९९ ची साधी वीट मिळते. २०२२ पासून आपल्याकडे सिल्व्हर ईटीएफही आहेत, म्हणजे शेअर बाजारातून घ्यायची कागदावरची चांदी, पण त्यासाठी डीमॅट खातं लागतं आणि चांदी चढते तशी जोरात आपटतेही, म्हणून एफडीचे पैसे तिथेही सगळे घालू नका.

नातीसाठीच काही करायचं मनात असेल तर एक निकडीची गोष्ट सांगते. सुकन्या समृद्धी खातं मुलगी दहा वर्षांची होईपर्यंतच उघडता येतं. तुमची नात नऊची आहे. आधी उघडलेलं नसेल तर हातात काही महिनेच आहेत. खातं आईवडिलांनी उघडायचं असतं, वर्षाला किमान अडीचशे आणि कमाल दीड लाख भरता येतात. तुम्ही लेकीच्या हातात पैसे द्या, तिला पोस्टात किंवा बँकेत पाठवा. नाण्यांचा विचार नंतर करता येईल, हा वाढदिवस मात्र परत येणार नाही.

मामाने नाणी आणणं थांबवावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात ते जाणवतं. मी असते तर थांबवलं नसतं. वर्षाला एक नाणं, हवं तर कासवाचं, म्हणजे पैसे चांदीत जास्त आणि मजुरीत कमी जातील. उरलेले पैसे त्याने बहिणीकडे सुकन्यासाठी पाठवावेत. एक मागणं मात्र त्याच्याकडे करा. प्रत्येक डबीसोबत दोन ओळी मराठीत लिहून द्यायच्या, त्या वर्षी हेच चित्र का निवडलं ते. आधीच्या नऊ नाण्यांबद्दलही आठवून लिहायला सांगा. मुलीला अठराव्या वर्षी ते कागद हातात मिळू देत.

सांभाळण्याबद्दल थोडं. डब्या रबरबँडने बांधू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. वर्तमानपत्रात किंवा लोकरीत गुंडाळू नका. चुरचुरणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवू नका, त्यातल्या पीव्हीसीने काही वर्षांत हिरवट चिकट थर येतो. आतली कडक पारदर्शक डबी चांगली असते, तीच राहू द्या. औषधांच्या किंवा नव्या चपलांच्या खोक्यातल्या त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या दोन-चार सोबत टाका. कासवांवर पांढरट, दुधाचे शिंतोडे पडल्यासारखे डाग दिसले तर घाबरू नका. ते पाडतानाच्या प्रक्रियेतले असतात, चांदी खोटी नसते आणि ते पुसून जातही नाहीत.

आणि ते रांगोळीने घासलेलं नाणं. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. उजेडात तिरपं धरलंत तर आरशासारख्या भागावर केसाएवढ्या गोल गोल रेघा दिसतील. त्या आता जाणार नाहीत. संग्राहकाच्या लेखी त्या नाण्याच्या चित्राची किंमत संपली, चांदीची आहे तशी आहे. पुन्हा चिंच, टूथपेस्ट, सोडा काही लावू नका. नऊपैकी एक गेलं, आठ डबीत आहेत. मुलाला हे सांगताना बिचकू नका, देवापुढे ठेवायच्या चांदीला घासून लख्ख करायचं हे आपण आईकडून शिकलो आहोत.

ते नाणं डबीत परत ठेवू नका. नातीच्या हातात द्या. बाकीची तिला फक्त काचेआडून पाहायची आहेत, हे एक तिला बोटांनी चाचपू दे, जमिनीवर फिरवू दे, मैत्रिणींना दाखवू दे, कडेच्या खाचा नखाने मोजू दे. आणि ह्या दिवाळीला लक्ष्मीपुढे तेच मांडा, न घासता.